पाचव्या भागाचं शेपूट

मुखवट्यावाल्या नायकाचे पाच चित्रपट आले. त्यांतला सरस कुठला, यावर शिकलीसवरली माणसं तावातावानं भांडताना मी पाहिली आहेत. भांडोत बापडी. मला त्या पाचांचा निवाडा एका बाईकडून ऐकायला मिळाला, आणि तिनं त्यातल्या एकाचीही सुरुवात कधी पाहिली नव्हती.

ती चित्रपटगृहात सफाईला होती. तिची थोरली जाऊही तिथंच. आमच्या सफाई कामगारांच्या संघटनेत त्यांना धाकटी आणि थोरली याच नावांनी सगळे ओळखायचे. थोरलीचा नवरा वारलेला, धाकटीचा पाठ मोडून अंथरुणाला खिळलेला. घर चालायचं ते या दोघींवर. खेळ संपत आला की झाडू, सुपली आणि काळ्या पिशव्या घेऊन दोघी दारातल्या पडद्याआड उभ्या राहायच्या. तिथून दिसायची फक्त शेवटची मारामारी, मग सरकत जाणारी नावं, आणि नावांच्याही नंतर ते शेपूट.

शेपूट हा धाकटीचा शब्द. या चित्रपटांत सगळी नावं संपल्यावर एक छोटासा तुकडा दाखवतात आणि त्यासाठी लोक खुर्च्यांना चिकटून बसतात. पुढचा खेळ मात्र ठरल्या वेळीच लागतो. मग वेळ कापला जातो तो कुणाचा? झाडूवालीचा. हे कुठल्या परीक्षणात छापून येत नाही.

त्यामुळे धाकटीचा निवाडा वेगळाच. पहिला भाग वाईट, कारण शहर वाचलं की पोरं आनंदानं पॉपकॉर्न उधळायची. दुसरा, ज्याला सगळं जग पडेल म्हणतं, तो सगळ्यांत उत्तम. "मध्यंतरातच अर्धी माणसं घरी! काय सिनेमा होता!" तिसऱ्यात नायक मरतो. शेपूट नाही, लोक नाकं पुसत मुकाट्यानं बाहेर. खुर्च्यांच्या फटींत ओले कागदी रुमाल सापडायचे, पण तेवढं चालतं. चौथा तिला डोळ्यांसमोर नको. त्यात नायक पुन्हा जिवंत होतो आणि शेपटं दोन.

"मेला होता ना? मग मेलेलं राहायला काय झालं होतं त्याला?" ती चिडून म्हणायची.

"गप गं," थोरली म्हणायची. "चौथाच चांगला. तो तरी परत आला. बाकी कुणाचं माणूस येतं?"



चौथ्या भागाच्या गर्दीतच थोरलीचा गुडघा गेला. हॉलच्या पायऱ्या ती कडेनं, आडवी पावलं टाकत उतरायला लागली. त्याच सुमारास सफाईच्या कंत्राटदारानं कामावरच्या चौघींतल्या दुसऱ्या दोघी कमी केल्या. मग पाचवा भाग लागला आणि मॅनेजरनं दोघींना बोलावून घेतलं.

"मावशी, यापुढे एक जरी खेळ उशिरा सुरू झाला, तर मला माणूस बदलावं लागेल."

बोलताना तो थोरलीच्या गुडघ्याकडे बघत होता. नाव घ्यायची गरजच नव्हती.

पाचवा म्हणे शेवटचा. हॉल तुडुंब, नावं संपता संपेनात. पहिल्या खेळानंतर थोरलीच्या वाटच्या रांगाही धाकटीनंच झाडल्या. तरी नवी माणसं आत शिरत असताना या दोघी पिशव्या फरफटत बाहेर नेत होत्या. कसंबसं निभावलं. पुन्हा निभावेल असं धाकटीला वाटेना.

दुसऱ्या खेळाची नावं सुरू झाली. दाराजवळच्या एका पोरानं मान वळवून विचारलं, "मावशी, पुढं काही आहे का?" हे तिला लोक नेहमीच विचारायचे, आणि ती नेहमी खरं सांगायची. तिनं थोरलीकडे पाहिलं. थोरली भिंतीला टेकून एका पायावर उभी होती.

"काही नाही," धाकटी सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली. "शेवटचा भाग ना हा? संपलं सगळं. चला, निघा."

माणसं उठली. शेपूट रिकाम्या खुर्च्यांपुढं सुरू झालं. थोरलीनं पडद्याकडे मान वळवली, तशी धाकटी खेकसली, "बघत काय बसलात? झाडा!"

खेळ वेळेवर लागला. आठवडाभर धाकटी प्रत्येक खेळाला तेच सांगत राहिली आणि सगळे खेळ वेळेवर लागले. मॅनेजर खूश.

आणि मग बोंब झाली. त्या शेपटात नायक पाच भागांत पहिल्यांदाच मुखवटा काढतो. इतरत्र ज्यांनी पाहिलं, त्यांनी या प्रेक्षकांना चिडवलं. हे चिडले आणि तिकीटखिडकीवर येऊन भांडायला लागले. मॅनेजरनं दोघींना पुन्हा उभं केलं.

"पुढं काही नाही, असं कुणी सांगितलं?"

"मी," थोरली म्हणाली. धाकटीनं तोंड उघडायच्या आत.

"खोटं बोलतात या! मी सांगितलं, साहेब. यांना धड उभं राहता येत नाही, या कधी सांगायला जाणार?"

शब्द तोंडातून गेला आणि तिनं जीभ चावली. मॅनेजरनं शांतपणे फोन उचलला. एक प्रेक्षकांना फसवते, दुसरीला उभं राहता येत नाही. दोघींच्या जागी कंत्राटदार नव्या दोघी पाठवणार होता.

संघटनेतर्फे मी नंतर जाऊन भांडलो. चौघींच्या कामाला दोघी का, म्हणून विचारलं. मॅनेजर म्हणाला, कंत्राटदाराला विचारा. कंत्राटदार म्हणाला, मॅनेजरला विचारा. अजून विचारतोच आहे.

त्या दिवशी मागच्या जिन्यानं उतरताना धाकटीनं आधाराला हात पुढं केला, तो थोरलीनं झटकला.

"मी आज नाही तर उद्या जाणारच होते. माझी मान मी दिली होती ना? तुझा पगार तरी राहिला असता. तुला कुणी सांगितलं मध्ये तोंड घालायला?"

"जाऊबाई, तुम्हाला एकटीला कशी जाऊ देणार होते?"

"मग आता दोघी मिळून काय खायचं ते सांग."

धाकटी खालच्या पायरीवर थांबली. वरून पुढच्या खेळाचं संगीत ऐकू येत होतं. थोरली एक पाय टेकवत, दुसरा ओढत तिच्यापर्यंत आली आणि कठडा धरून उभी राहिली.

"घरी ह्यांना कसं सांगू?" धाकटीनं विचारलं.

"आज नको सांगूस," थोरली म्हणाली. "आज जेवू दे भाऊजींना."