जुम्म्याची रात

झहूरचाचा रोज सकाळी ऑफिसात शिरण्याआधी कोपऱ्यावरच्या सबीलपाशी थांबायचे. वाटसरूंसाठी कुणीतरी पुण्य म्हणून बसवलेली थंड पाण्याची टाकी, ती सबील. कागदी पेला भरून ते अर्धा प्यायचे आणि उरलेला अर्धा फुटपाथवरच्या एका धुळकट झाडाच्या बुंध्याशी ओतायचे. झाडाला पालिकेची नळी होती. मी एकदा तसं म्हटलंही.

"ते सरकारी पाणी," ते म्हणाले. "हे हातचं."

कुवेत शहरात, दस्मानजवळच्या गल्लीत त्यांचं टायपिंग ऑफिस होतं. दोन टेबलं, एक झेरॉक्स मशीन आणि मान सारखी खाली घालणारा एक पंखा. इकाम्याचे, म्हणजे तिथं राहायच्या परवान्याचे अर्ज, जन्मदाखले, मुखत्यारपत्रं, लोक जे आणतील ते चाचा अरबीत भरून द्यायचे. छत्तीस वर्षं हेच काम. नव्वद सालच्या युद्धात नेसत्या कपड्यांनिशी गावी गेले, दोन वर्षांनी परतले आणि तेच काम पुन्हा हाती घेतलं. आता बासष्टाव्या वर्षी पाठ दुखायची, डोळ्यांतून पाणी गळायचं. एका अर्जावरून दुसऱ्याकडे वळताना ते क्षणभर डोळे मिटून घेत.

रायगडच्या किनाऱ्यावर तळेबाव हे त्यांचं गाव. तिथं त्यांची सुपारीची वाडी होती, एकशे दहा झाडं. कुबराचाची, त्यांची बायको, ती एकटीनं सांभाळत होती. मार्चमध्ये इकामा रद्द करायचा आणि उरलेले दिवस त्या वाडीत काढायचे, एवढंच त्यांना हवं होतं.

मी माझ्या प्रमाणपत्राचा अरबी तर्जुमा करून घ्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "मराठीत एम.ए. म्हणजे नेमकं येतं काय?"

"मराठी," मी म्हटलं.

"मग बरंय. कुणाला तरी यायला हवं."

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "बाय, एक जुना इंग्रजी कागद चांगल्या मराठीत हवाय. माझी मराठी अर्जापुरती."

कागद एकोणीसशे अकरा सालचा होता, एका नदीचा निवाडा. नदीच्या अलीकडे तळेबाव, ते संस्थानात. पलीकडे वाघशेत, ते इंग्रजी मुलखात. मधे एक बंधारा आणि त्यातून दोन्ही गावांकडे निघालेले दोन पाट. दिवसा पाणी गुरांना आणि घरांना, रात्री वाड्यांना, पाळीपाळीनं. पाळीवरून डोकी फुटली, तेव्हा दोन्ही सरकारांनी एक इंग्रज अधिकारी पंच म्हणून नेमला. त्यानं अकरा दिवस काठावर तंबू ठोकला, म्हाताऱ्यांच्या जबान्या घेतल्या आणि हद्द नदीच्या मध्यधारेतून आखली. पाण्याबद्दल दोनच वाक्यं लिहिली. जुनी वहिवाट चालू राहील. आणि फ्रायडे नाइट तळेबावची राहील.

पुढे संस्थान गेलं, इंग्रज गेले. हद्द पुसली गेली, दोन्ही गावं एकाच तालुक्यात आली. पाळी तेवढी राहिली.

जुन्या वहिवाटीप्रमाणे गुरुवारची रात्र तळेबावकडे होतीच. तिच्यासह चार राती त्यांच्या, तीन वाघशेतच्या. निवाड्याच्या आधारानं तळेबावनं शुक्रवारचीही घेतली. तेव्हापासून पाच आणि दोन. वाघशेतवाले शंभर वर्षं म्हणत आले की आमची एक रात्र खाल्ली. पण कागदात बोट ठेवायला जागा नव्हती.

आता बंधारा नव्यानं बांधायचा होता. पाटबंधारे खात्याच्या अधिकाऱ्यानं सांगितलं की दोन्ही गावांना मान्य असा एकच मराठी तर्जुमा आणा, त्यावर कायमचं वेळापत्रक लावतो. गावांचा एकमेकांवर विश्वास नव्हता. पण दोन्हीकडचे निम्मे पुरुष कुवेतात, आणि सगळ्यांचे कागद झहूरचाचांनी भरलेले. त्यांच्या तर्जुम्यावर सही करायला दोघंही तयार झाले.

मी चार दिवसांत मराठी करून नेलं. दुपारची वेळ, ऑफिसात कुणी नव्हतं. चाचा एकेक ओळ बोट ठेवून वाचत होते. बोट थांबलं.

"ही रात्र कुठली?"

"शुक्रवारची. फ्रायडे नाइट."

"शुक्रवारचा दिवस संपल्यावरची?"

"हो."

त्यांनी पानं उलटून पहिलं पान काढलं. "इथं बघ. गाववाल्यांनी मागितलं काय? जुम्म्याच्या दुपारच्या नमाजाला मशिदीचा हौद भरलेला असावा. आता शुक्रवारी रात्री हौद भरला तर नमाज पढायची कधी? शनिवारी?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

"आमचा दिवस मगरिबला सुरू होतो, बाय. सूर्य बुडाला की वार बदलला. गुरुवारचा सूर्य बुडाला की जुम्म्याची रात लागली. आमचे आजे साहेबापुढं म्हणाले असतील, जुम्म्याची रात आमची. जी आधीपासून त्यांचीच होती तीच. साहेबानं लिहिलं फ्रायडे नाइट." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एक रात मागितली. कागदावर दुसरीच उतरली. आणि आम्ही दोन्ही ठेवल्या."

मी पेन काढलं. "मग बदलते."

"थांब जरा."

का थांबायचं ते मला त्यांच्या फोनवरून कळलं. त्यांची वाडी तळेबावच्या पाटाच्या अगदी शेवटाला होती. चार रातींचं पाणी वरच्या वाड्याच पिऊन टाकत. शेवटापर्यंत पोचायचं ते पाचव्या रातीचं, शुक्रवारचं.

कुबराचाचीचा आवाज फोनमधून टेबलावर सांडल्यासारखा येत होता. "म्हणजे आपल्या झाडांनी काय हवा प्यायची?"

"विहीर आहे."

"विहिरीत एप्रिलला बेडूक पण राहत नाही. तुम्हांला ठाऊक नाही, तुम्ही एप्रिलला असता कुठं?" मग ती हळू बोलली. "अहो, मी म्हणते, त्या मुलीनं लिहिलंय ते चूक आहे का? फ्रायडेला शुक्रवारच म्हणतात ना?"

"म्हणतात."

"मग खोटं कुठंय त्यात? लिहिलंय तसं राहू द्या. तुम्ही काही वाढवू नका, काही काढू नका."

 फोन बंद करून चाचांनी पुन्हा माझ्या त्या ओळीवर बोट ठेवलं. माझे शब्द बरोबर होते. कोशात बघितलं असतं तरी तेच निघाले असते. त्यांनी काही न बदलता तो कागद फक्त घडी करून खिशात ठेवायचा होता.

"मला दोन दिवस दे," ते म्हणाले. "दमलोय."

शुक्रवारी नमाजानंतर सलवा या उपनगरात नौमानभाईंच्या घरी दोन्ही गावची माणसं जमली; तर्जुमा माझा म्हणून चाचांनी मलाही नेलं. नौमानभाई तळेबावच्या जमातीचे प्रमुख. वाघशेतकडून बोलायला सर्फराज, त्याचा तिथंच बकाला होता, किराण्याचं छोटं दुकान. मासळीचं कालवण आणि भात झाला. जेवणाचा दस्तरखान उचलल्यावर चाचांनी कागद काढला आणि माझ्या 'शुक्रवारची रात्र' या शब्दांवर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, 'जुम्म्याची रात, म्हणजे गुरुवारी सूर्यास्तापासून'. मग कारण सांगितलं.

नौमानभाई आधी हसले. "झहूर, छत्तीस वर्षं अरबांचे अर्ज भरलेस, डोकं पण अरबीत फिरायला लागलं? कागद इंग्रजी आहे."

"बोलणं इंग्रजी नव्हतं. कुठल्याही इमामाला विचारा, जुम्म्याची रात, लैलतुल जुमा, कुठली."

"मला नको शिकवू. मला ठाऊक आहे."

"तेच म्हणतोय. आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे."

सर्फराज भिंतीला टेकून बसला होता. "मी लहानपणापासून म्हणतोय, तळेबावात आठवड्याला दोन जुम्मे. तरी नमाजाला माणसं एकाच जुम्म्याएवढी."

दोघंतिघं हसले. नौमानभाईंचा चेहरा बदलला. "तू गप रे. आणि झहूर, तुझी वाडी पाटाच्या शेवटाला. सगळ्यांत आधी तुझीच वाळणार. आहे का ध्यानात?"

"आहे."

"मग? कुबराभाभीला विचारलंस?"

"विचारलं. ती तुमच्याच बाजूची आहे."

 नौमानभाईंनी कागद हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. "तो इंग्रज मरून किती वर्षं झाली, पण त्याची रात काही मरत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी सही केली. सही इतक्या जोरात केली की कागद फाटला. मला पुन्हा टाइप करावा लागला आणि सोमवारी त्यांनी दुसऱ्यांदा सही केली, तेव्हा शांतपणे.

मार्चमध्ये चाचा गावी निघाले. विमानतळावर तळेबावचं कुणी आलं नाही. सर्फराज आला होता, खजुराचा खोका घेऊन. चाचांनी तो घेतला, आभार मानले आणि सामानाच्या वजनाची काळजी करत रांगेत उभे राहिले. त्यांना मोठ्या मनाचा माणूस म्हणावं असं काही त्या क्षणी दिसत नव्हतं. पाय दुखत असलेला एक प्रवासी दिसत होता.

बंधारा झाला. वेळापत्रकात आता वारांबरोबर घड्याळाचे तास आहेत. शुक्रवारी संध्याकाळी सहापासून पाणी वाघशेतकडं वळतं. पहिल्या उन्हाळ्यात चाचांची साठ झाडं गेली. शेंडे आधी पिवळे पडले, मग मोडले. उरलेल्या पन्नासांच्या पाच ओळी होत्या. रोज विहिरीत जेवढं साचेल तेवढं ते बादलीनं शेंदायचे आणि एकेका झाडाच्या आळ्यात ओतायचे. कुबराचाची त्यांच्याशी पावसाळ्यापर्यंत नीट बोलली नाही. मग एका सकाळी तिनं दुसरी बादली घेतली.

पुढच्या एप्रिलमध्ये ते गेले. झोपेत, दुपारी, वाडीतल्या बाजेवर. मी फोन केला तेव्हा चाची रडली नाही. म्हणाली, त्या दिवशी काही विशेष बोलले नाहीत. सकाळी बादली पालथी घालून पायरीवर बसले, पायाची माती झटकली आणि म्हणाले, "दोन ओळी झाल्या. बाकीच्या उद्या बघतो. चहात साखर जरा जास्त घाल आज."