तलावाचा तळ

सौंदडच्या पुढे एका गावात मी शिक्षक होतो. फुलचूरहून मोटारसायकलने जायचो. गावात 'गुरुजी' म्हणून जो मान मिळायचा, तो मला जरा जास्तच चढला होता. वर्गात जलचक्र शिकवताना फळ्यावर वाफेचे, ढगांचे, पावसाचे, जमिनीत मुरणाऱ्या पाण्याचे बाण काढायचो. तेवढ्या भांडवलावर मी गावच्या तलावालाही शहाणपण शिकवायला निघालो.

तलाव जुना, गावानेच बांधलेला. त्याचं पाणी धानाला वाटायचं काम एका म्हाताऱ्याकडे होतं, त्याच्या आज्यापासून चालत आलेलं. पाणी आधी शेवटच्या टोकाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या वाफ्याला, मग वरच्यांना, हा त्याचा नियम. सख्ख्या भावाचीही त्याने कधी गय केली नव्हती. या कामाखेरीज त्याच्याकडे मिरवण्यासारखं काहीच नव्हतं.

एका उन्हाळ्यात तलावातला गाळ काढायचं ठरलं. गाळ शेतात टाकला की धान जोमात येतं, म्हणून ट्रॅक्टरांची रांग लागली. काळा गाळ संपून खाली चिकट पिवळी माती लागली, तेव्हा म्हातारा जेसीबीसमोर येऊन उभा राहिला. ही माती काढली तर पाणी थांबणार नाही, म्हणाला. मी ग्रामसभेत त्याला सगळ्यांसमोर समजावलं, की खड्डा खोल झाला म्हणजे पाणी जास्त मावेल, आणि पाचवीतल्या पोराला कळतं ते तुम्हाला या वयात कळू नये का? लोक हसले. मला फार बरं वाटलं.

मातीचा थर गेला, खालचा मुरूम उघडा पडला. पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला आणि लोकांनी माझी पाठ थोपटली. दसरा उलटला, उशिरा येणारं भारी धान निसवलं, शेवटचं पाणी द्यायची वेळ आली, तर तलावात बेडकांपुरतं पाणी उरलेलं. टोकाच्या बांध्यांतलं धान पोचट राहिलं. म्हाताऱ्याने भावाच्या शेतात पाणी सोडलं, असं गाव बोलू लागलं.

मी तलावाच्या पाळीखालच्या, बांधापलीकडच्या विहिरी बघून आलो. एरवी त्या दिवसांत जिथे दोर पुरत नसे, तिथे वाकून तांब्या बुडत होता. तेव्हाच मला कळलं. एवढं पाणी उन्हाने उडालं नव्हतं आणि कुणी चोरलंही नव्हतं. ते मुरमातून झिरपत विहिरींत आणि पुढे नाल्याकडे चाललं होतं. वाट मीच मोकळी करून दिली होती.

म्हातारा शाळेत आला. त्याला मी बसही म्हटलं नाही.

"गुरुजी, मी चोर नाई. पानी खाली मुरून रायलं. तुमी सांगलं त लोक आयकतीन."

बघतो म्हणालो. पुढच्या ग्रामसभेत सरपंचाने मला सरळच विचारलं, इतकं पाणी जमिनीत जाऊ शकतं का? खरं सांगितलं असतं तर जेसीबी कुणाच्या सांगण्यावरून चालला, हा प्रश्न लगेच आला असता. मी घाबरलो. इतकं नाही जात, म्हणालो. म्हाताऱ्याकडून त्याच दिवशी काम काढून घेतलं.

पुढच्या वर्षी पाणी वाटणारा नवा होता आणि तलाव तसाच आटला. आता मात्र गाव हादरलं. चार माणसं म्हाताऱ्याच्या घरी निघाली, मलाही बरोबर घेतलं. तो खाटेवर पडून होता, पार सुकलेला. पाणी जातं कुठे, असं त्यांनी त्याला विचारलं.

"मले काऊन पुसता? गुरुजीले पुसा. त्यायले मागच्या सालापासून ठावूक हाय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी त्यांना अंगणात नेलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, की म्हाताऱ्याचं डोकं आता ठिकाणावर नाही. त्यांनी माना डोलावल्या. आत त्याला ते ऐकू गेलं असणार, कारण घर एकाच खोलीचं होतं.