आवाज फुटायच्या आधी

आंबेनळीच्या उतारावरच्या वाडीतून तो रोज खाली कापडे गावात माझ्या डेअरीवर दूध घालायला येतो. मुलगी म्हणून वाढलेला, बाह्या दुमडलेला, बोलताना किटलीच्या झाकणावर बोटं वाजवणारा. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याला पुरुष व्हायची इंजेक्शनं सुरू केली, हे त्याने मला एकट्याला सांगितलं. मुंबईच्या फेऱ्या कशासाठी, असं गावाने विचारलं, तेव्हा मी थायरॉइडचं नाव घेऊन सुटलो. ते खोटं होतं.

त्याला लोकांपेक्षा म्हशींची काळजी. "काका, आवाज बदलला नि त्यांनी वलखलं नाय तर? पान्हाच नाय सोडायच्या." म्हणून पहिल्या इंजेक्शनाआधीपासूनच तो त्यांना मुद्दाम जाड आवाजात हाका मारायचा.

परवा संध्याकाळी मी वाडीवर गेलो. धुक्यात म्हशी विरघळून गेल्या होत्या. त्याने हाक मारली. आवाज मध्येच फाटला, मग दाट होऊन खाली दरीत उतरला. बराच वेळ काहीच हललं नाही. मग धुकंच काळं होत होत थोरली म्हैस झाली आणि त्याच्या दंडाला नाक घासू लागली.

तो हसला. "आता कुणी इचारलं तर खरं सांगा, काका."

धुक्यातून तो जाड आवाज ऐकून वाटेवरून त्याची शेजारीण ओरडली, "काका, तिने नवा गडी ठेवला काय?"

"नवा नाय," मी म्हणालो, "म्हशी वलखतात त्याला."