गिदुदु मास्तरांचा अधिक महिना

आम्हा टेकडीवरच्या यहुद्यांत ओबादिया गिदुदु मास्तरांइतका खडूस माणूस दुसरा नाही, आणि माझा जीव त्यांच्यावर आहे तितका दुसऱ्या कुणावर नाही. दिवसा सायकलींची पंक्चरं काढायची आणि संध्याकाळी पोरांकडून तोराहचे, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचे, अध्याय घोटून घ्यायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. सिनेगॉगमध्ये वाचणारा चुकला तर ऐकणाऱ्यांनी तिथल्या तिथे सुधारायचं, ही आमची रीतच आहे. पण मास्तर असे खेकसतात की भल्याभल्यांना घाम फुटतो. माझ्या बार मित्स्वाला, म्हणजे तेरा भरल्यावर सभेत करायच्या पहिल्या वाचनाला, मी सहा वेळा बोलणी खाल्ली.

त्यांचं स्वतःचं तेरावं वर्ष हुकूमशहा अमीनच्या राजवटीत भरलं. आम्हा यहुद्यांच्या प्रार्थनेला बंदी. बापाने गोठ्यात बसवून हळू आवाजात वाचून घेतलं, एवढाच सोहळा.

"सोहळा लागतोय कशाला?" मास्तर म्हणतात. "तेरा भरली की देवाच्या आज्ञा अंगावर आल्याच. मग कोंबडी कापा नाहीतर कापू नका."

यंदा शादराकची पाळी होती. वाम्बेदे आणि एरिनाचा एकुलता एक. त्याच्या वाट्याला सोन्याच्या वासराच्या रंगतदार गोष्टीचा अध्याय आलेला, त्यामुळे स्वारी खुशीत. शुक्रवारी दुपारी नामुतुम्बा गावाहून पाहुणे उतरले, एरिनाने मटोकेची, म्हणजे कच्च्या केळ्यांची, पातेली चढवली. मी मास्तरांना बोलवायला गेलो तर ते यहुदी कॅलेंडरसमोर खांबासारखे उभे.

"यंदा अदार महिने दोन आहेत," ते म्हणाले. "एक अधिक. पोराची तेरा दुसऱ्या अदारात भरतात. मी पहिला धरून बसलो."

"आणखी कुणाच्या लक्षात आलंय?"

"नाही."

"मग वाचू दे की. पाहुणे आलेत. महिन्याभराने काय आभाळ कोसळतंय?"

"तू माझ्याकडेच शिकलास ना रे?" मास्तर म्हणाले. "तेरा न भरलेल्या पोराचं वाचन सगळ्यांच्या वतीने धरत नाहीत. त्याचं कौतुक होईल आणि अख्ख्या गावाचं वाचन राहून जाईल."

मला त्यांची फार दया आली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस, आणि उद्या भर सभेत स्वतःच्या हाताने नाक कापून घ्यायचं होतं.

शनिवारी शादराक नवी टोपी घालून पुढच्या बाकावर बसला होता. मास्तर उठले आणि काही न लपवता सगळं सांगून टाकलं. "पोराची चूक नाही, आईबापाची नाही. माझी आहे."

मग वाम्बेदे म्हणाला, "मास्तर, तुम्हीच चुकायला लागलात तर आम्ही भ्यायचं कुणाला?" सगळे हसले, मास्तरही हसले. शादराकचे डोळे मात्र भरून आले. मास्तर त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"चार आठवड्यांत दुसरा अध्याय करायचा. त्या शनिवारी येणारा, होमाच्या राखेचा आणि चरबीचा. जमेल?"

"वासराचा चांगला होता."

"होता खरा. तो आज मी वाचतो. तू शेजारी उभा राहा, चुकलो तर सांग."

दोनदा सांगितलं पोराने. मला तर वाटतं, दुसऱ्यांदा मास्तर मुद्दाम चुकले, पण ते कबूल करत नाहीत.

चार आठवड्यांनी एरिनाने पुन्हा स्वयंपाक मांडला. आदल्या दिवशी मटोके सोलायला बायकांत मास्तर स्वतः बसले आणि त्यांची टोमणेबाजी निमूटपणे ऐकली. शादराकने राखेचा अध्याय खणखणीत म्हटला. मग बापाने म्हणायचं असतं तसं वाम्बेदे म्हणाला, की देवा, याच्या करणीचा भार तू माझ्यावरून उतरवलास. इतक्या मोकळ्या मनाने म्हणाला की एरिनाने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

जेवताना शादराक मास्तरांना खेटून बसला. "आता माझ्या चुका माझ्याच ना?"

"तुझ्याच."

"त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगताना तुम्हाला भीती वाटली?"

"पोटात गोळा आला होता."

"मला आत्ताच आलाय."

मास्तरांनी आपल्या पानातली कोंबडीची तंगडी त्याच्या पानात ठेवली. "मग भरली तेरा," ते म्हणाले.