दर्शन मयेकरांनी लांबवलेलं काम

मांडवीतल्या दर्शन मयेकरांना काही विचारायचं तर हाताशी वेळ ठेवूनच विचारावं. बसस्टँडचा रस्ता विचारणाऱ्याला ते वाटेतला खड्डा सांगतात, तो कुठल्या बाजूने चुकवायचा तेही सांगतात, आणि वर विचारतात, ‘गाव कुठलं तुमचं?’ बोलण्यात असा पसारा, पण कागदावर हाच माणूस भलता आटोपशीर. उमेदीची सगळी वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये गेली. तिथली रीत अशी की, ड्यूटी संपवून उतरणाऱ्याने आपल्या जागी येणाऱ्यासाठी कागद लिहून ठेवायचा: कुठला व्हॉल्व्ह गळतो, कुठला पंप सुरू होताना कुरकुरतो. मयेकरांचा कागद एका पानाचा असायचा आणि त्यावर नवखाही निभावून न्यायचा. पुढे पाठीने दगा दिला आणि ते कायमचे घरी आले.

म्हणूनच त्यांच्या मुलीला, सानवीला, माहितीचा कागद लिहायचं काम सोपवायला दुसरं कोणी सुचलं नाही. सानवी आणि तिची गुहागरची मैत्रीण ईशा मिळून मोबाइलवरचा एक खेळ तयार करत होत्या. किनाऱ्याने होडी न्यायची, वाटेत किल्ले लागतात, असा खेळ. चित्रं ईशाची. किल्ल्याची भिंत उभी करायची म्हणजे ती चिऱ्याचा एक चौकोन रंगवायची आणि तोच शेकडो वेळा शेजारी शेजारी चिकटवत बसायची. तिच्या मानेचा काटा ढिला झाला, तेव्हा सानवीने त्यावर टूल, म्हणजे कॉम्प्युटरवरचा एक छोटा प्रोग्राम, बनवलं. चित्र निवडा, पडद्यावर जागा आखा, बटण दाबा. भिंत आपोआप भरते. फक्त ते चालवायचं कसं, हे एकट्या सानवीच्या डोक्यात होतं. अशात तिला बंगळूरला नोकरी लागली.

“टूलची माहिती लिहून झाली की निघते,” ती म्हणाली. “ईशाला अर्ध्यावर सोडून नाही जाणार.”

ती सांगायची, मयेकर लिहायचे. सुरुवात झकास झाली. “मग चित्र ओढा,” असं ती म्हणाली की हे विचारायचे, “कुठून धरून? आणि सोडायचं कुठे?” सानवी आधी वैतागायची, मग हसायची. तिला जे सांगण्यासारखंच वाटत नव्हतं, नेमकं तेच त्यांनी तिच्याकडून काढून घेतलं.

पण पुढे पुढे ते लिखाण मारुतीच्या शेपटासारखं वाढायला लागलं. ‘टूल उघडण्यापूर्वी’ असं एक प्रकरण झालं, मग ‘टूल उघडण्यापूर्वीची तयारी’ असं त्याच्याही आधी एक आलं. चिरा म्हणजे काय, तो खाणीतून कसा काढतात, हेसुद्धा त्यांनी लिहिलं. आणि ते वाचणार कोण, तर जन्मभर चिऱ्याच्या घरात राहिलेली ईशा! प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ ठरलेली: ‘अडल्यास सानवीला विचारावे.’ काम संपत आलं का, असं सानवीने विचारलं की त्यांना आणखी एक प्रकरण सुचायचं.

शेवटी त्यांच्या बायकोने, दीपालीताईंनी, ती पानं हातात घेतली. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध नाही, पण नवरा त्यांना पाठ होता.

“अहो, यात तर पानापानावर पोरीला बांधून ठेवलीत. ती जायाची कशी?”

“पण ईशाला अडलं तर?”

“तुमी बोटीवर जायाचात तवा मला काय अडत नव्हतं? मी कधी आडवी आले काय?”

मयेकरांनी पानं आपल्याकडे ओढून घेतली. बायको खरं बोलली होती आणि ते झोंबलं. पोर रांगायला लागली तेव्हा ते कुठल्याशा परक्या बंदरात होते. तिचा दहावीचा निकाल त्यांनी फोनवर ऐकला. आता कुठे सकाळचा चहा दोघं एकत्र घ्यायला लागली होती, गप्पांचा सूर जमला होता, आणि ही निघाली! त्यांना ती हवी होती, एवढीच साधी गोष्ट होती.

त्याच दुपारी त्यांनी चिरेखाण काढून टाकली, मग ती तयारीची प्रकरणं गेली. जिथे जिथे ‘सानवीला विचारावे’ होतं तिथे सानवीने काय उत्तर दिलं असतं, ते तिलाच विचारून लिहिलं. तसं लिहिताना त्यांना जड गेलं, पण एकही जागा त्यांनी सोडली नाही.

रविवारी ईशा फेरीबोटीने आली. सानवीने तोंड उघडायचं नाही, अशी मयेकरांची ताकीद होती. ईशा समोर पानं ठेवून बसली. चित्र निवडलं, जागा आखली, बटण दाबलं. भिंत झरकन भरली आणि होडी गायब! सानवी खुर्चीतून उठलीच. मयेकरांनी तिला हाताला धरून खाली बसवलं. ईशाने पान उलटलं आणि बोट ठेवून वाचलं, ‘एखादी वस्तू दिसेनाशी झाली तर ती भिंतीमागच्या थरात गेली आहे. तिच्या थराचा आकडा वाढवावा.’ तिने आकडा वाढवला. होडी भिंतीपुढे येऊन उभी राहिली.

“काका, जमलं!” ईशा ओरडली आणि कोणाकडेही न बघता पुढची भिंत आखायला लागली.

सानवी ओटीवर येऊन बसली. मागोमाग मयेकर आले.

“तिने मला काहीच विचारलं नाही, बाबा.”

“म्हंजे काम झालं. तू मोकळी.” ते तिच्या शेजारी टेकले. “पण तू जावंस असं मला वाटत नाय. एकदा सांगून टाकलं.”

“ठाऊक आहे,” सानवी म्हणाली. “एवढी पानं तुम्ही तेवढंच तर लिहीत होतात.”

आणि बंगळूरचं तिकीट काढायला तिने आपला फोन त्यांच्याच हातात दिला.