पिग्मीवाल्या मामांचा खून

निवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण ती घटना काही केल्या डोक्यातून जात नाही. तेव्हा मी शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कारेगावच्या बाजूला कारखान्यांपाठोपाठ एका परदेशी बँकेची शाखा आली. काचेचा दरवाजा, आत गारवा, आणि कामगारांचे पगार तिथंच. वर्षभरात जवळच्या गावातली जुनी पतसंस्था रोडावली. लोक म्हणायचे, "फॉरेनची बँक हाय, बुडायची न्हाई."

त्या पतसंस्थेचे पिग्मी एजंट पन्नाशीचे होते. दारोदार फिरून रोजची बचत गोळा करायची, हे त्यांचं काम. लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणत. एका सकाळी पतसंस्था बुडाल्याची बोंब उठली आणि दारात गर्दी जमली. आतल्यांनी घाबरून शटर ओढलं. मामा नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन आले, आणि जमावाने त्यांनाच धरून मारलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी प्राण सोडला. दुखापतीच्या गुन्ह्यात आम्ही खुनाचं कलम वाढवलं.

जबाब घ्यायला बसलो, तर प्रत्येक जण म्हणे मी मागं उभा होतो. मारहाणीच्या गुन्ह्यात पुढची रांग कधी सापडतच नाही. शेवटी एकाच्या मोबाइलमधल्या चित्रीकरणावरून पाच जण उचलले. पण बोंब उठवली कोणी? मला संशय परदेशी बँकेच्या खाती गोळा करणाऱ्या पोरांवर होता. दोन दिवस त्यांना ठाण्यात बसवून ठेवलं. हाती काही लागलं नाही.

मग आमच्या खबऱ्याने कानावर घातलं, "साहेब, भाजीवाल्या आक्कांनी समद्यांच्या आधी पैसं काढलं. त्यांना कसं कळलं?"

आक्का तळेगाव ढमढेरेच्या बाजारात भाजी विकायच्या. महिला शिपाई शेजारी बसवून मी विचारलं.

"मामांनीच सांगितलं, साहेब. म्हणले, आक्का, म्या बघितलं, चेअरमन आप्पाच काचंच्या बँकेत गेल्यात, तू तुझं काढून घे, कुनाला बोलू नको. म्या फकस्त बहिणीला बोलले."

मी पेन खाली ठेवलं. ज्यांचा जीव गेला, त्यांच्याच तोंडून हे सुरू झालं होतं.

आप्पांना बोलावलं. त्याआधी सहकार खात्याच्या माणसाने दप्तर तपासलं होतं. पतसंस्थेचे सगळे पैसे जागच्या जागी होते.

"तुम्ही त्या बँकेत का गेलात?"

"माझा गाळा कंपनीनं भाड्यानं घेतलाय. भाडं त्यांच्याच बँकेत घ्या म्हणले, न्हाईतर दुसऱ्याचा गाळा बघतो. म्हणून बाजाराच्या दिवशी गेलो. तवा समदं गाव बाजारात असतंय."

"मग लोकांना सांगितलं का नाही?"

"पतसंस्थेचा चेअरमन आन् दुसऱ्याच्या दारात खातं काढतोय. कोणत्या तोंडानं सांगायचं?"

मला त्यांचा संताप आला. चार माणसांत एवढं एकच वाक्य बोलले असते, तर मामा वाचले असते. पण लाज वाटणं हा काही गुन्हा नाही. जबाबावर सही घेऊन त्यांना घरी पाठवलं.

आरोपपत्राच्या आधी मामांच्या पत्नी ठाण्यात आल्या. "साहेब, ते चोर न्हवते, एवढं लिवा."

मी लिहिलं. पण आक्कांचा जबाबही जोडावा लागला. तो वाचून दाखवला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आक्काच्या भल्यासाठीच बोलले असतील." मला फार वाईट वाटलं. पाचांपैकी तिघांना शिक्षा झाली, तेव्हाही ते कमी झालं नाही.

पतसंस्था मोडीत निघाली. पुढे तिथली मोठी कंपनी दुसरीकडे हलली आणि परदेशी बँकेनेही शाखा बंद केली. दारावर इंग्रजी नोटीस लागली. मी धडा घेऊन त्या दिवशी चोख बंदोबस्त लावला होता. लोक आले, नोटीस कोणाकडून तरी वाचून घेतली आणि मुकाट्याने परत गेले. दुपारी मी शिपाई माघारी बोलावले. राग काढायला तिथं कोणाच्याच ओळखीचं माणूस नव्हतं. मामांना सगळं गाव ओळखत होतं, म्हणून ते मेले.