झेंडूचा पुडा

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका पाणबुडी मोटारीची जळालेली तार उकलत बसलो होतो. त्याचा मुलगा किरण म्हणाला, "काका, आप्पा गेले," आणि मी म्हणालो, "बरं." एवढंच. फोन ठेवला आणि पुन्हा तार उकलायला लागलो; समोर बसलेल्या शेतकऱ्याला कळलंही नाही की इथं आत्ता काही घडलं. थोड्या वेळानं उठलो. शटर ओढताना पहिला विचार मनात आला तो दुःखाचा नव्हता. आता ते उत्तर बदलता येणार नाही, असा होता. दोनच दिवसांपूर्वी दवाखान्यात त्यानं मला एक गोष्ट विचारली होती आणि मी त्याला खोटं उत्तर दिलं होतं. महिना उलटून गेला, अजून हे कुणा बाहेरच्याला सांगितलेलं नाही. मी फारसा बोलणारा माणूस नाही. पण भास्करबद्दल लिहायचं तर हे झाकून लिहिता येणार नाही.

भास्कर माझा चुलतभाऊ, वयानं माझ्याच बरोबरीचा. मखमलाबादला त्याचा मळा. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे फुलबाजारात क्रेट उतरवायचे आणि दहाच्या सुमाराला मोकळं व्हायचं, हा त्याचा जन्मभराचा धंदा. आमच्या भावकीत त्याचं घर थोरलं, त्यामुळे कुळाचे टाक त्यांच्याकडे असत. खंडोबा आणि चांदवडची रेणुका, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले, विड्याच्या पानाहून लहान. चंपाषष्ठीला तळी उचलताना भास्करचा आवाज सगळ्यात वर चढायचा. असा हा माणूस एकदा महानुभावांच्या एका मठात फुलं पोचवायला गेला, निरूपणाला जरा टेकला, आणि फुलांचे पैसे घ्यायचं विसरून घरी आला. वर्षभरात त्यानं आणि वहिनींनी उपदेश घेतला. उपदेश घेतला म्हणजे एक परमेश्वर. बाकी देवदेवता घरातून निघाल्या. त्याच्या तोंडचा रामराम गेला, 'दंडवत प्रणाम' आला.

टाक घेऊन तो आमच्याकडे आला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. फुलांच्या पाटीत, झेंडूखाली, लाल फडक्यात बांधून आणले होते.

"गंगेत सोडायचे म्हणतात. दोनदा जाऊन आलो रे घाटावर. हात होईना."

"मग मी काय करू?"

"तुझ्याकडं ठेव. काकू हाय, आबाळ नाय व्हायची."

आतून आई म्हणाली, "आण इकडं. देव काय सुभ्याच्या दुकानातली मोटार हाय का, जळाली की फेकून द्यायला?"

भास्कर हसला, पण तिच्यामागं आतल्या खोलीत गेला नाही. पुढंही कधी गेला नाही. ज्या देवांना सोडलं त्यांच्यासमोर उभं राहायचं नाही, हा त्याचा नेम. दाराजवळ एक लोखंडी घडीची खुर्ची होती, ती त्याची. सोमवारी माझं दुकान बंद, म्हणून दर सोमवारी बाजार आटोपून तो यायचा, त्या खुर्चीवर बसायचा, कोरा चहा प्यायचा आणि मला उपदेश घ्यायला सांगायचा. येताना कागदात बांधलेला झेंडूचा पुडा आणायचा. "देवाला देत नाय हां, काकूला देतो," असं बजावून तो आईच्या हातात ठेवायचा. आई म्हणायची, "कुणाला का देईना, पोचतो बरोबर."

मी एकटाच त्याच्या तावडीत होतो असं नाही. टेम्पोवाला, खतवाला, दाढी करणारा, कुणालाही तो सोडत नसे. एका लग्नात नवरीच्या बापाला पंगतीत गाठून त्यानं जीव-देवतेचा भेद सांगायला घेतला आणि तो बिचारा हातात बुंदीचं ताट धरून उभा. भावकीत त्याला लांबून पाहिलं की लोक म्हणत, "उपदेश आला, पांगा." मला लाज वाटायची. एकदा चिडून विचारलं, "तुला मिळालं ना जे मिळायचं ते? मग लोकांच्या मागं का लागतोस? इतका पक्का असशील तर गप्प बस की."

तो म्हणाला, "विहिरीला गोड पाणी लागलं तर माणूस शेजाऱ्याला हाक मारतो का नाय?"

"हाक मारतो. पण त्याचं मुंडकं धरून विहिरीत बुडवत नाही."

तो खो-खो हसला. "लय बोलतो रे तू, घुमा असून!" ...आणि पुढच्या सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आई गेली तेव्हा मात्र हसण्यावारी राहिलं नाही. दहाव्याला तो रामकुंडावर आला, पण विधीपासून लांब, पायऱ्यांवर उभा राहिला. संध्याकाळी घरी येऊन त्याच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "काकूनं उपदेश घ्यायला हवा होता रे..." मी लग्न केलं नाही, आई हेच माझं घर होतं. आयुष्यात कधी ओरडलो नाही असा त्या दिवशी ओरडलो. "मग सांग ना, कुठं गेली माझी आई? तुझ्या हिशेबानं कुठं गेली?" मला वाटलं, आता तो पोथीतलं काही सांगेल आणि मी त्याला बाहेर काढीन. त्याचा चेहरा खाली गेला. मग म्हणाला, "मला नाय माहीत. तेच तर सहन होत नाय." मी दार उघडून धरलं. तो गेला.

त्यानंतर मी टाक काढले, लाल फडक्यात बांधले आणि माळ्यावरच्या पेटीत, गोधड्यांखाली ठेवून दिले. रागानं नव्हे. खरं सांगायचं तर माझा कशावरच विश्वास नव्हता. पूजा आईची होती, आईबरोबर संपली.

काही महिन्यांनी, एका सोमवारी, दारात "दंडवत प्रणाम" ऐकू आलं. तो जणू काही झालंच नाही असा खुर्चीवर बसला, आणि आतल्या खोलीकडे न बघता त्यानं विचारलं, "काय म्हणतो तुझा खंडोबा?" मी म्हणालो, "बरा आहे." त्या दोन शब्दांतून माझं नाटक सुरू झालं ते शेवटपर्यंत चाललं. तो खंडोबाच्या विरोधात बोलायचा, मी बाजू घ्यायचो. पुस्तकं चाळून मुद्दे काढून ठेवायचो, सोमवारसाठी. पेटीत बांधून ठेवलेल्या देवाची वकिली करायचो. का? खरं सांगितलं असतं की मी काहीच मानत नाही, तर तो टाक परत मागून घाटावर गेला असता. किंवा येणंच थांबवलं असतं. देव होता म्हणून वाद होता, वाद होता म्हणून भास्कर होता. त्याच्याशिवाय माझ्या घरी येणारं कुणी नव्हतं. फुलांचा पुडा तेवढा बंद झाला होता. मला वाटलं, पंथात आणखी पक्का झाला असेल.

माणसं दुसऱ्याला आपल्या धर्मात का ओढतात, यावर मी आताशा सारखा विचार करतो. संख्या वाढावी म्हणून? आपलंच बरोबर, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला हवं असतं म्हणून? एकट्यानं धरलेला विश्वास जड होतो म्हणून? भास्करमध्ये यातलं थोडं थोडं सगळं होतं, अहंकारसुद्धा. पण त्या दहाव्याच्या संध्याकाळचा त्याचा खाली गेलेला चेहरा यातल्या कुठल्याच उत्तरात बसत नाही.

शेवटी फुप्फुसांनी दगा दिला. दवाखान्यात नळ्या लावलेल्या असतानाही तो वॉर्डबॉयला नामस्मरण शिकवत होता. "आजोबा, ऑक्सिजन संपंल," असं तो म्हणाला तर भास्कर म्हणतो, "म्हणून तर घाई करतोय." मी शेजारी बसलो. मला वाटलं, आता शेवटचं विचारणार, उपदेश घेशील ना? त्याचं उत्तरही मी तयार ठेवलं होतं. त्यानं माझं मनगट धरलं आणि विचारलं ते भलतंच. "सुभ्या, देवांपुढं दिवा लावतोस ना रे रोज?"

मी म्हणालो, "लावतो की. रोज."

त्यानं मान हलवली. मनगट सोडलं नाही.

त्याच्या पंथात पिंडदान नाही, कावळ्याची वाट पाहणं नाही. पारायण झालं, मीही मागं बसून आलो. त्यानंतरच्या सोमवारी दारात "दंडवत प्रणाम" ऐकू आलं आणि माझ्या अंगावर काटा आला. वहिनी होत्या, भास्करची बायको. बाजारात आता त्या आणि किरण जातात. त्याच खुर्चीवर बसल्या. चहा झाला, आणि का कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. पेटी, गोधड्या, दवाखान्यातलं खोटं. मग म्हणालो, "त्याला फसवलं मी, वहिनी."

त्या अजिबात दचकल्या नाहीत. "त्यांना ठाऊक होतं, भाऊजी."

"कसं?"

"फुलं विकण्यात जन्म गेला त्यांचा. म्हणायचे, देव असलेलं घर फुलं मागतं. काकू गेल्यावर ते मुद्दाम पुडा आणत नव्हते, तुम्ही मागाल म्हणून. तुम्ही एक पाकळी मागितली नाय कधी."

"मग शेवटी विचारलं कशाला?"

वहिनी कप बशीत फिरवत राहिल्या. "मला म्हणाले होते... माझ्या वाटेनं नाय येत तर नको येऊ दे. काकूच्या वाटेनं तरी जाऊ दे त्याला. लय एकटा हाय तो."

म्हणजे ज्यानं ते देव सोडले, जो पुन्हा त्यांच्यासमोर एकदाही उभा राहिला नाही, तो मरताना मला त्याच देवांच्या पदरात घालायला बघत होता. ही त्याच्या श्रद्धेतली चूक म्हणायची की तिचं टोक? त्याच्या मठातल्या महाराजांना विचारायचा धीर मला होत नाही. झोप मात्र लागत नाही.

टाक मी खाली काढले. काळे पडले होते. चिंचेनं घासले, आईच्या देव्हाऱ्यात मांडले. गेल्या सोमवारी वहिनी निघाल्या तेव्हा कसाबसा म्हणालो, "पुढच्या वेळी थोडा झेंडू आणाल?"

"देवासाठी?"

मी आतल्या दाराकडे पाहिलं.

त्या म्हणाल्या, "देवासाठी म्हणून मला देता नाय यायचा, भाऊजी. गिऱ्हाईक म्हणून घ्या." आणि दारातून वळून, "भावात घासाघीस नाय हां."

आज सकाळी त्या पुडा देऊन, पैसे घेऊन गेल्या. तो मी भास्करच्या खुर्चीवर ठेवला आहे. आत नेऊन दिवा लावला, तर त्याला दिलेलं उत्तर उशिरा का होईना खरं होईल. पण मनात काही नसताना लावला, तर तेच खोटं मी पुन्हा बोलेन, या वेळी देवांशी. दुपारपासून आतल्या दारापर्यंत जातो आणि परत येतो... पुड्याचा कागद आता ओलसर झाला आहे, फुलांचा वास खोलीभर पसरलाय. सुकायच्या आत उठायला हवं.